टाइप आणि कॉन्स्टंट: नाव काय द्यायचं आणि ठेवायचं कुठे

एखाद्या फाइलमध्ये `जर प्रयत्न > ३` अशी ओळ दिसली की वाचणाऱ्यापुढे दोन प्रश्न येतात. हे तीन कशाचे? आणि उद्या ते चार करायचे झाले तर आणखी कुठे कुठे हात लावावा लागेल? पहिल्याचं उत्तर नावात असतं, दुसऱ्याचं जागेत. कॉन्स्टंट म्हणजे नाव दिलेली, न बदलणारी किंमत (व्हॅल्यू), आणि टाइप म्हणजे ती किंमत कोणत्या प्रकारची आहे ते: पूर्णांक, मजकूर, ऑर्डर. दोन्हींच्या नावाबद्दल भरपूर लिहिलं जातं: कॅपिटल अक्षरं, अंडरस्कोअर वगैरे. प्रोजेक्ट दोन-तीन वर्षांचा झाला की खरा त्रास मात्र जागेचा होतो.

खालच्या उदाहरणांतली नावं आणि आकडे देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये ते रोमन लिपीत, त्या त्या भाषेच्या पद्धतीनं येतील.

## नाव हवंच का, हे आधी ठरवा

प्रत्येक आकड्याचं बारसं करायची गरज नसते. लूप शून्यापासून सुरू होतो, मधला इंडेक्स काढायला दोननं भागतात, पुढच्या पानासाठी एक मिळवतात. इथे आकडा स्वतःच बोलका आहे. त्याला `शून्य = ०` किंवा `शंभर = १००` असं नाव देणं म्हणजे लिंटरचं (कोडमधल्या खटकणाऱ्या गोष्टी दाखवणाऱ्या टूलचं) तोंड बंद करणं, बाकी काही नाही.

एक सोपी कसोटी आहे. किंमत बदलली तरी नाव खरं राहील का? `शंभर`ची किंमत १२० केली तर नाव खोटं पडतं. `कमाल_ओळी_प्रति_पान`ची १२० केली तर काहीच बिघडत नाही. पहिलं नाव आकडा सांगतं, दुसरं त्याचं काम सांगतं.

आकड्यांपेक्षा स्ट्रिंगची, म्हणजे कोडमधल्या मजकुराची, जास्त काळजी घ्या. ‘कॅन्सल्ड’ हा शब्द अमेरिकन स्पेलिंगमध्ये एका ‘एल’नं लिहितात, ब्रिटिशमध्ये दोन ‘एल’नं. एकानं डेटाबेसमध्ये दोन ‘एल’ लिहिले, दुसऱ्यानं तुलना करताना एक. कंपायलरला दोन्ही स्ट्रिंग सारख्याच मान्य. तुलना गुपचूप ‘फॉल्स’ येते, रद्द झालेली ऑर्डर चालू यादीत दिसत राहते आणि लॉगमध्ये एकही एरर नसते. म्हणून एकच स्ट्रिंग दोन ठिकाणी टाइप करायची वेळ आली की तिथेच थांबा आणि तिचं कॉन्स्टंट किंवा एनम (ठरलेल्या किमतींची नावं दिलेली यादी) करा.

## कॉन्स्टंटच्या नावात काय काय असावं

`टाइमआउट = ३०` हे नाव अर्धवट आहे. कशाचा टाइमआउट? तीस काय, सेकंद की मिलिसेकंद? पूर्ण नाव असं होईल:

    पेमेंट_गेटवे_टाइमआउट_सेकंद = ३०

कोणाची गोष्ट आहे, कसली मर्यादा आहे आणि एकक कोणतं, हे तीन तुकडे नावातून कळले पाहिजेत. यातला एककाचा तुकडा सगळ्यात जास्त वेळा गळतो आणि सगळ्यात महागात पडतो. पायथनचं `टाइम.स्लीप` सेकंद घेतं, जावास्क्रिप्टचं `सेटटाइमआउट` मिलिसेकंद घेतं. गो भाषेत कालावधी नॅनोसेकंदांत मोजतात आणि तिथे `टाइम.स्लीप(५)` लिहिलं तर कंपायलर हूं की चूं करत नाही. टाइप नसलेलं साधं ५ आपोआप कालावधी बनतं आणि प्रोग्रॅम पाच नॅनोसेकंद झोपतो, म्हणजे झोपतच नाही. उलट बाजूनंही घात होतो. कॉन्स्टंट आधीच पाच सेकंदांचा कालावधी असेल आणि कुणी सवयीनं त्याला पुन्हा `टाइम.सेकंड`नं गुणलं, तर तेही कंपाइल होतं. उत्तर येतं सुमारे १५८ वर्षं.

एककांच्या घोळाचं गाजलेलं उदाहरण म्हणजे नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर. २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरताना ते नष्ट झालं. थ्रस्टरच्या बळाचे आकडे एक सॉफ्टवेअर पाउंड-फोर्स सेकंदांत देत होतं आणि पुढचं ते न्यूटन-सेकंद समजून घेत होतं. फरक सुमारे ४.४५ पट.

भाषेत कालावधीचा स्वतंत्र टाइप असेल तर एकक नावात लिहू नका, टाइपमध्ये ठेवा. जावाचा ‘ड्युरेशन’, सी प्लस प्लसचा ‘क्रोनो’, पायथनचा ‘टाइमडेल्टा’ याच कामासाठी आहेत. नावातलं एकक माणूस वाचतो, टाइपमधलं कंपायलर किंवा लायब्ररी सांभाळते. असा टाइप नसेल तेव्हाच `_सेकंद`, `_बाइट`, `_टक्के` असं शेपूट लावा. टक्क्यांच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे: `सूट = ०.१५` की `सूट = १५`? दोन्ही रूढ आहेत, म्हणून पहिल्याला `सूट_गुणोत्तर` आणि दुसऱ्याला `सूट_टक्के` म्हणा.

मर्यादेचे शब्दही जपून वापरा. ‘लिमिट’ म्हटलं की ती किंमत आत धरायची की बाहेर, हे कळत नाही. ‘कमाल’ म्हटलं की ती किंमत चालते, तिच्या पुढची चालत नाही. असाच गोंधळ `कमाल_प्रयत्न` आणि `कमाल_पुनर्प्रयत्न` यांत होतो. तीन प्रयत्न म्हणजे एकूण तीन. तीन पुनर्प्रयत्न म्हणजे पहिला धरून चार. एका टीमनं एक अर्थ धरला आणि दुसरीनं दुसरा, तर समोरच्या सर्व्हरवर ठरल्यापेक्षा एक तृतीयांश जास्त भार येतो.

नकारार्थी नावं टाळा. `कॅशे_बंद = फॉल्स` वाचताना डोक्यात दोनदा उलटं करावं लागतं. `कॅशे_चालू = ट्रू` लिहा.

## कॅपिटल, स्मॉल, अंडरस्कोअर

इथे वाद घालण्यात वेळ घालवू नका. भाषेची जी रूढ पद्धत आहे ती घ्या, लिंटरमध्ये बसवा आणि पुढे चला. टाइपच्या नावातला प्रत्येक शब्द कॅपिटलनं सुरू करून जोडून लिहायचा, हे पायथन, जावा, रस्ट, स्विफ्ट, सी शार्प सगळीकडे सारखं आहे. कॉन्स्टंटच्या बाबतीत वाटा फुटतात. जावा, पायथन आणि रस्टमध्ये सगळी अक्षरं कॅपिटल आणि मध्ये अंडरस्कोअर. सी शार्पमध्ये टाइपसारखंच. स्विफ्टमध्ये पहिलं अक्षर स्मॉल. गोमध्ये सगळी कॅपिटल लिहायची पद्धत नाही, कारण तिथे पहिल्या अक्षराला व्याकरणाचा अर्थ आहे: कॅपिटल असेल तर नाव पॅकेजबाहेर दिसतं, नसेल तर आतच राहतं.

सी प्लस प्लसमध्ये सगळी कॅपिटल अक्षरं मॅक्रोसाठी (कंपाइल होण्याआधी ज्यांच्या जागी दुसरा मजकूर घातला जातो अशा नावांसाठी) राखून ठेवा, साध्या कॉन्स्टंटला किंवा एनमच्या किमतींना नकोत. हे काम करणारा प्रीप्रोसेसर स्कोप वगैरे काही जाणत नाही, शब्द दिसला की बदलून टाकतो. विंडोजच्या एका हेडरमध्ये (इतर फाइलींत जोडायच्या फाइलमध्ये) ‘एरर’ या नावाचा, सगळी अक्षरं कॅपिटल असलेला मॅक्रो आहे आणि त्याची किंमत शून्य आहे. तुमच्या एनममध्ये तेच नाव असेल आणि ते हेडर आधी आलं, तर एनममध्ये नावाच्या जागी ० येतं. मग कंपायलर भलत्याच ओळीवर ओरडतो आणि दोष कशात आहे ते तासभर सापडत नाही.

सी आणि सी प्लस प्लसमध्ये अंडरस्कोअरनंतर कॅपिटल अक्षर आणि लागोपाठ दोन अंडरस्कोअर या सुरुवाती कंपायलर आणि लायब्ररीसाठी राखीव आहेत. पॉझिक्सनं (युनिक्ससारख्या सिस्टिमच्या मानकानं) `_टी` हे शेपूटही स्वतःकडे ठेवलंय. आपल्या टाइपला ते लावलं तर आज चालेल, उद्याच्या हेडरशी टक्कर होऊ शकते.

आद्याक्षरी शब्दांचं एकदाच ठरवून टाका. गोमध्ये ‘यूआरएल’, ‘आयडी’ पूर्ण कॅपिटल किंवा पूर्ण स्मॉल. रस्टमध्ये तो एक शब्द धरतात, म्हणून फक्त पहिलं अक्षर कॅपिटल. सी शार्पमध्ये दोन अक्षरांचं असेल तर दोन्ही कॅपिटल, तीन किंवा जास्त असतील तर फक्त पहिलं. एकाच प्रोजेक्टमध्ये दोन पद्धती झाल्या की सर्च निम्म्या गोष्टी चुकवतो.

थेट देवनागरीतच नावं दिली तर? पायथन ३, जावा आणि २०२१ पासून रस्ट ती स्वीकारतात. गोमध्ये मात्र आपली लिपी अडते. तिथे नावात फक्त ‘अक्षर’ आणि ‘अंक’ या वर्गातली चिन्हं चालतात आणि युनिकोडच्या लेखी काना-मात्रा अक्षर नाही. ‘कर’ चालेल, ‘दर’ चालेल, ‘किंमत’ नाही. चाललं तरी पॅकेजबाहेर दिसणार नाही, कारण देवनागरीत कॅपिटल अक्षरच नाही.

## टाइपची नावं

टाइपचं नाव म्हणजे नाम, आणि तेही एकवचनी. `ऑर्डर` हा टाइप, `ऑर्डर्स` हे त्यांच्या यादीचं व्हेरिएबल. नावाला ‘डेटा’, ‘इन्फो’, ‘मॅनेजर’, ‘हेल्पर’ चिकटवायचा मोह झाला की समजा, तो टाइप नक्की काय करतो हे अजून ठरलेलं नाही. एकाच कोडमध्ये `ऑर्डरडेटा` आणि `ऑर्डरइन्फो` असे दोन टाइप असले की नवा माणूस नाणं उडवूनच निवडतो. यातला एक ग्राहकाला दाखवायचा सारांश असेल तर त्याला `ऑर्डरसारांश` म्हणा. दुसरा डेटाबेसमधली ओळ असेल तर `ऑर्डररेकॉर्ड`.

नावात मोड्यूलचं नाव पुन्हा घेऊ नका. `पेमेंट` पॅकेजमधल्या टाइपला `पेमेंटएरर` म्हटलं की वापरताना `पेमेंट.पेमेंटएरर` होतं. नुसतं `एरर` पुरतं. स्टँडर्ड लायब्ररीतल्या नावांची मात्र नक्कल टाळा. जावामध्ये ‘डेट’ नावाचे दोन क्लास आहेत, एक ‘युटिल’मध्ये, एक ‘एसक्यूएल’मध्ये, आणि एडिटरनं चुकीचा इम्पोर्ट घातला की बराच वेळ वाया जातो. त्यात तिसऱ्याची भर नको.

आता एक गोष्ट जवळून पाहू. फंक्शन असं आहे:

    ऑर्डर_रद्द_कर(युजर_आयडी: इंट, ऑर्डर_आयडी: इंट)

कुणीतरी दोन्ही आर्ग्युमेंट अदलाबदल करून पाठवली. दोन्ही पूर्णांक, त्यामुळे तक्रार शून्य. योगायोगानं त्या क्रमांकाची ऑर्डर असेल तर भलत्याच माणसाची ऑर्डर रद्द होते. यावर उपाय म्हणजे `युजरआयडी` आणि `ऑर्डरआयडी` असे दोन वेगळे टाइप करणं. पायथनमध्ये `न्यूटाइप`, रस्टमध्ये एका फील्डचं स्ट्रक्ट, गोमध्ये नवा टाइप. पण सावध राहा, टाइपला नुसतं दुसरं नाव देणं म्हणजे नवा टाइप करणं नव्हे. सीचा `टाइपडेफ` आणि टाइपस्क्रिप्टचा साधा टाइप अलायस हे फक्त टोपणनाव देतात, अदलाबदल तशीच चालते. गोमध्ये तर फरक एका बरोबरच्या चिन्हाचा आहे: चिन्हाशिवाय लिहिलं तर नवा टाइप, चिन्ह घातलं तर टोपणनाव. आणि पायथनच्या `न्यूटाइप`ची तपासणी टाइप चेकर करतो, प्रोग्रॅम चालताना कुणी अडवत नाही. चेकर चालवतच नसाल तर ती निव्वळ सजावट.

## एनम: क्रम बदलला की डेटा बदलतो

किमतींचा संच ठरलेला आणि छोटा असेल तर सुटी कॉन्स्टंट लिहू नका, एनम करा. नाव एकवचनी: `ऑर्डरस्थिती`. एकाच वेळी अनेक किमती लागू शकणारा फ्लॅगचा एनम असेल तर सी शार्पच्या पद्धतीनुसार अनेकवचनी. फ्लॅगच्या किमती दोनच्या घातांत हव्यात: १, २, ४, ८. त्या `१ << ०`, `१ << १` अशा लिहिल्या की चुकून ३ घालायची शक्यता उरत नाही. ३ ही वेगळी किंमत नाहीच, ती १ आणि २ यांची बेरीज आहे.

सगळ्यात जास्त नुकसान क्रमांकामुळे होतं. समजा एनम असा आहे:

    ऑर्डरस्थिती:
        नवी        (क्रमांक ०)
        पैसे_भरले   (क्रमांक १)
        पाठवली     (क्रमांक २)

जावाच्या जेपीएमध्ये (डेटाबेसशी बोलायच्या मानक पद्धतीत) काहीच सांगितलं नाही तर एनम डेटाबेसमध्ये क्रमांकानं साठवला जातो. सहा महिन्यांनी कुणीतरी `तपासली` ही स्थिती तर्काला धरून ‘नवी’च्या खाली घालतं. कोड कंपाइल होतो, टेस्ट रिकाम्या डेटाबेसवर चालतात म्हणून पास होतात. प्रॉडक्शनमध्ये मात्र जुन्या ओळींतलं १ आता ‘तपासली’ असं वाचलं जातं आणि पैसे भरलेल्या ऑर्डर पैशांची वाट बघत बसतात. जुन्या २ क्रमांकाच्या, म्हणजे पाठवून झालेल्या ऑर्डर ‘पैसे भरले’ होतात आणि दुसऱ्यांदा पाठवल्या जातात. कोड मागे घेऊनही सगळं पूर्ववत होत नाही, कारण मधल्या काळात नव्या क्रमांकांनी लिहिलेल्या ओळी त्याच टेबलमध्ये मिसळलेल्या असतात.

म्हणून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक एनमला, मग तो डेटाबेसमध्ये जावो, फाइलमध्ये की नेटवर्कवर, किंमत हातानं लिहून द्या किंवा स्ट्रिंग म्हणून साठवा. नवी किंमत शेवटी. काढून टाकलेल्या किमतीचा क्रमांक पुन्हा वापरू नका. प्रोटोबफमध्ये (डेटा साठवायच्या आणि पाठवायच्या एका पद्धतीत) तो क्रमांक ‘रिझर्व्ह्ड’ म्हणून नोंदवायची सोय आहे. आपोआप क्रमांक देणारा गोचा `आयोटा` हाच खड्डा आहे, फक्त सुबक.

शून्याला ‘अज्ञात’ ठेवा. गो आणि प्रोटोबफमध्ये न भरलेली किंमत आपोआप शून्य होते. शून्याचा अर्थ ‘नवी’ असेल तर भरायला विसरलेली आणि खरोखर नवी, या दोन्ही सारख्याच दिसतील. प्रोटोबफच्या पद्धतीत पहिली किंमत ‘अनस्पेसिफाइड’ असते ती यासाठीच.

स्विचमध्ये (किमतीप्रमाणे फांद्या पाडणाऱ्या रचनेत) सवयीनं ‘डिफॉल्ट’, म्हणजे उरलेल्या सगळ्यांसाठीची फांदी, लिहू नका. सगळ्या किमती स्वतंत्र लिहिल्या तर नवी किंमत आल्यावर रस्ट आणि स्विफ्टचे कंपायलर कोड अडवतात, सीमध्ये इशारा मिळतो. ‘डिफॉल्ट’ घातलं की ही मदत बंद होते. अपवाद एकच: किंमत बाहेरून येत असेल तर अनोळखी किमतीसाठी फांदी हवीच, पण ती डेटा आत घेतानाच्या पहिल्या फंक्शनमध्ये, सगळीकडे पसरलेली नको.

## ठेवायचं कुठे

कॉन्स्टंट जिथे वापरलं जातं तिथून शक्य तितकं जवळ. एकाच फंक्शनमध्ये लागत असेल तर फंक्शनमध्ये. एकाच फाइलमध्ये लागत असेल तर फाइलच्या डोक्यावर, बाहेर न दिसेल असं. दुसऱ्या फाइलला खरंच लागलं की मगच एक पायरी वर न्या. ‘पुढे कुणालातरी लागेल’ म्हणून आधीच वर ठेवू नका.

बहुतेक प्रोजेक्टमध्ये याच्या उलट होतं. पहिल्याच आठवड्यात ‘कॉन्स्टंट्स’ नावाची फाइल तयार होते आणि तिच्यात पानाचा आकार, रंगांचे कोड, एरर मेसेज, कालावधी सगळं पडत जातं. ती घरातल्या त्या एका ड्रॉवरसारखी होते ज्यात काहीही सापडतं, फक्त हवं ते सोडून. सगळे मोड्यूल तिच्यावर अवलंबून असतात. सी प्लस प्लसमध्ये असं हेडर एका ओळीनं बदललं तरी सगळा प्रोजेक्ट पुन्हा कंपाइल होतो. पायथनमध्ये तिला एखाद्या मॉडेलचा टाइप लागला आणि मॉडेलला ती लागली की इम्पोर्टचं चक्र तयार होतं. दोन टीमच्या एकमेकांशी संबंध नसलेल्या बदलांत मर्ज कॉन्फ्लिक्ट (एकत्र करताना टक्कर) येतात, कारण दोघांनीही शेवटच्या ओळीखाली भर घातलेली असते.

फाइल प्रकारावरून पाडू नका, विषयावरून पाडा. ‘कॉन्स्टंट्स’, ‘टाइप्स’, ‘एनम्स’ अशा तीन फाइलींपेक्षा `पेमेंट`च्या फोल्डरमध्ये पेमेंटचे टाइप, एनम आणि मर्यादा एकत्र असू द्या. पेमेंट काढून टाकायची वेळ आली तर एक फोल्डर उडवता आला पाहिजे. जे टाइप खरोखर सगळ्यांचे आहेत, उदाहरणार्थ `युजरआयडी` किंवा `रक्कम`, त्यांचं एक छोटं मोड्यूल करा आणि त्यानं प्रोजेक्टमधलं दुसरं काहीही इम्पोर्ट करायचं नाही हा नियम कडक पाळा. हा नियम असेल तर इम्पोर्टची चक्रं त्याच्यातून कधीच जात नाहीत.

आता मुख्य मुद्दा. दोन ठिकाणी आकडा सारखा आहे म्हणून ते एक कॉन्स्टंट होत नाही. विचारायचं ते हे: दोन्ही बदलायचं कारण एकच आहे का? एका पानावर ५० ओळी दाखवतात आणि ईमेल ५०-५०च्या गठ्ठ्यानं पाठवतात. कुणीतरी दोन्ही ५० एकत्र करून `डिफॉल्ट_संख्या = ५०` केलं, रिव्ह्यूमध्ये कौतुकही झालं. पुढे ईमेल सेवेनं गठ्ठा ४०चा केला. ज्यानं आकडा बदलला त्याला पानाची कल्पनाच नव्हती. दुसऱ्या दिवशी पानावर ४० ओळी दिसू लागल्या आणि ५० गृहीत धरून लिहिलेला एक्स्पोर्ट प्रत्येक पानामागे दहा ओळी गाळू लागला. कारणं दोन होती, म्हणून नावंही दोनच हवी होती: `ओळी_प्रति_पान` आणि `ईमेल_गठ्ठा_आकार`. दोन्हींची किंमत ५० असली तरी ती पुनरुक्ती नाही.

याची उलट बाजूही तितकीच नेहमीची आहे: आकडे वेगळे, कारण एक. एका विनंतीला १० सेकंद, कमाल तीन प्रयत्न आणि बाहेरच्या फंक्शनला एकूण ३०. तिन्ही हातानं लिहिलेले. सर्व्हर मंद झाला म्हणून कुणी १० चे १५ केले. दोन प्रयत्नांतच ३० सेकंद संपतात, तिसरा कधी सुरूच होत नाही आणि लॉगमध्ये मात्र ‘कमाल प्रयत्न ३’ असं छापलेलं. अशा वेळी एकूण वेळ लिहू नका, काढा:

    एका_प्रयत्नाची_वेळ_सेकंद = १०
    कमाल_प्रयत्न = ३
    एकूण_वेळ_सेकंद = एका_प्रयत्नाची_वेळ_सेकंद × कमाल_प्रयत्न + २

शेवटचे दोन कशाचे ते शेजारी कॉमेंटमध्ये लिहा. कॉमेंटमध्ये ‘काय’ लिहायचं नसतं, ते नावात आलेलंच आहे. ‘हाच आकडा का’ ते लिहायचं.

कॉन्स्टंट की कॉन्फिग (कोडबाहेर ठेवलेली सेटिंग)? सर्व्हरप्रमाणे बदलतं ते कॉन्फिगमध्ये. प्रोटोकॉल किंवा गणित ठरवतं ते कोडमध्ये. पासवर्ड आणि टोकन दोन्हींत नकोत, त्यांची जागा गुप्त गोष्टी सांभाळणाऱ्या यंत्रणेत. करासारखा दर यातल्या कशातच नीट बसत नाही. तो एक आकडा नसून तारखांचा तक्ता आहे. दर बदलला तरी जुनी बिलं जुन्याच दरानं उघडली पाहिजेत, म्हणून ‘कधीपासून’ हा रकाना हवा.

## किमतीतले खड्डे

नाव, जागा सगळं बरोबर असूनही कॉन्स्टंट चुकीचं असू शकतं. जावामधली ही ओळ पाहा:

    लाँग तीस_दिवस_मिलिसेकंद = ३० * २४ * ६० * ६० * १०००

उत्तर २,५९,२०,००,००० यायला हवं, येतं उणे १,७०,२९,६७,२९६. डावीकडे ६४ बिटांचा टाइप असला तरी उजवीकडचे सगळे आकडे ३२ बिटांचे आहेत आणि गुणाकार तिथेच होतो. ३२ बिटांची कमाल २,१४,७४,८३,६४७. गंमत म्हणजे २४ दिवसांना हीच ओळ बरोबर चालते, २५ ला मोडते. पहिल्या आकड्याला ‘एल’ जोडला की काम होतं. सी शार्पचा कंपायलर कॉन्स्टंटमधलं असं ओव्हरफ्लो एरर म्हणून पकडतो, जावाचा सोडून देतो. जावास्क्रिप्टच्या `सेटटाइमआउट`लाही हीच मर्यादा आहे. सुमारे २४.८ दिवसांपेक्षा मोठा कालावधी दिला तर ते थांबत नाही, लगेच चालतं.

सीमध्ये मॅक्रोला कंस नसला तर: `एकूण` म्हणजे `१० + २` असं लिहिलं आणि पुढे `एकूण * ३` केलं, तर ३६ नाही, १६ मिळतात. कंस घाला, आणि शक्य तिथे मॅक्रोच नको.

‘कॉन्स्ट’ म्हणजे न बदलणारं, ही समजूत जावास्क्रिप्टमध्ये फसवते. तिथे फक्त नाव बांधलेलं असतं, आतली वस्तू मोकळीच. `ऑब्जेक्ट.फ्रीझ` वरचा थर गोठवतं, आतले नाही. जावामधला ‘फायनल’ अ‍ॅरे आणि पायथनमधली कॅपिटल अक्षरांतली लिस्ट यांचंही तेच. पायथनमध्ये यादीसाठी टपल वापरा, संचासाठी `फ्रोझनसेट`. ३.८ पासून आलेलं `फायनल` जरूर लावा, पण तेही टाइप चेकरपुरतंच आहे.

जावा आणि सी शार्पमध्ये आणखी एक छुपा प्रकार आहे. लायब्ररीतल्या, आकडा किंवा स्ट्रिंग असलेल्या कॉन्स्टंटची किंमत वापरणाऱ्याच्या कंपाइल झालेल्या कोडमध्ये थेट उतरवली जाते. लायब्ररीत ३ चे ५ केले, नवी फाइल सर्व्हरवर टाकली, पण वापरणारा कोड पुन्हा कंपाइल केला नाही, तर तो ३ च वापरत राहतो. बदलू शकणारी किंमत बाहेर द्यायची असेल तर सी शार्पमध्ये ‘कॉन्स्ट’ऐवजी ‘स्टॅटिक रीडओन्ली’ घ्या, जावामध्ये मेथडमधून द्या.

## चालू प्रोजेक्ट साफ करताना

ईएसलिंट आणि चेकस्टाइल या दोन्ही लिंटरांत मॅजिक नंबर (नाव न दिलेले आकडे) शोधायचा नियम आहे. पहिल्यांदा तो फक्त यादी मिळवायला चालवा, बिल्ड अडवायला नको. नाहीतर लोक घाईघाईत `शंभर = १००` लिहून मोकळे होतात.

यादी आली की जे आकडे दोनपेक्षा जास्त फाइलींत दिसतात ते आधी घ्या. प्रत्येक ठिकाण उघडून बदलायचं कारण विचारा. सगळीकडे एकदम शोधा-आणि-बदला अजिबात करू नका, नाहीतर वरचा ५० चा किस्सा पुन्हा घडेल. नाव बदलणं एका कमिटमध्ये, जागा बदलणं दुसऱ्या, किंमत बदलणं तिसऱ्या. तिन्ही एकत्र आले की रिव्ह्यू करणाऱ्याला किंमत बदललेली दिसतच नाही.

नाव एडिटरच्या ‘रिनेम’नं बदला, पण त्याला स्ट्रिंगमधली नावं कळत नाहीत. जेसनमध्ये जाणारं फील्ड, डेटाबेसचा रकाना, रिफ्लेक्शननं (प्रोग्रॅम चालताना स्ट्रिंगवरून) शोधलं जाणारं नाव हे हातानं तपासा. बाहेरच्या लोकांना दिलेलं नाव असेल तर जुनं एक आवृत्तीभर ‘डेप्रिकेटेड’ (यापुढे वापरू नका) म्हणून चालू ठेवा. पायथन ३.७ पासून मोड्यूलवरच `__गेटॲट्र__`ची सोय आहे, तिच्यातून जुन्या नावावर इशारा देता येतो.

टेस्टमध्ये एक गोष्ट उलटी करावी लागते. सेशन १५ मिनिटांनी संपलं पाहिजे असा करार असेल तर टेस्टमध्ये ९०० हा आकडाच लिहा, `सेशन_टाइमआउट_सेकंद` इम्पोर्ट करू नका. टेस्टनंही तेच कॉन्स्टंट घेतलं तर कुणी चुकून ९०० चे ९० केले तरी दोन्ही बाजू एकत्र बदलतात, टेस्ट हिरवीच राहते आणि लोक दीड मिनिटात लॉगआउट होऊ लागतात.